परत आलेला तारा

“मग तो दुसराच तारा म्हणायचा ना, सर?”

“नाही.”

“म्हणजे तोच?”

“नाही.”

ऋजुताने वहीतून मान वर केली.

समोर दर्ग्याच्या ओट्यावर हमीदसर बसले होते. भिंतीला पाठ, खांद्यावर पातळ शाल. उजवा हात मांडीवर होता. तो त्यांनी डाव्या हाताने उचलून तिथे ठेवला होता.

“सर, दोन्हीही नाही कसं?”

सर विचार करत होते की नुसते अंगणातल्या चाफ्याकडे बघत होते, ते कळायला मार्ग नव्हता.

“…नाही,” ते पुन्हा म्हणाले.

हमीद मुजावर यांनी बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ताऱ्यांच्या पोटात काय चालतं ते शिकवलं. निवृत्त झाले त्याच आठवड्यात घर आवरून ते शिराळटेकला परतले. टेकावरच्या पिराची सेवा त्यांच्या घराण्याकडे. सकाळी अंगण झाडायचं, मजारीवरची चादर सारखी करायची, ऊद लावायचा. थोरले भाऊ वारल्यावर ते करायला कुणी नव्हतं. सर करू लागले.

संस्थेत लोक म्हणाले, मुजावर फकीर झाले.

हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले होते, “आधी फळा पुसत होतो. आता अंगण झाडतो.”

ऋजुता बोंद्रे ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. हुशार होती आणि ते तिला ठाऊक होतं. तिचा पहिला शोधनिबंध सरांनी अकरा वेळा परत पाठवला. बाराव्या वेळी तिने तो त्यांना दाखवलाच नाही, परस्पर छापायला दिला. छापून आला, नावाजला गेला. मग सरांचं एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता.

‘वाचला.’

आपण वाचला असं ते म्हणत होते, की निबंध कसाबसा वाचला असं? तिने त्या एका शब्दावर कितीतरी दिवस घालवले. शेवटी राग आला. सहा वर्षं ती टेकावर फिरकली नाही.

आज आली होती ती अडल्यामुळे.

सकाळी अकराच्या सुमाराला ती पायऱ्या चढून वर आली, तेव्हा दारात सरांची धाकटी बहीण झुबेदाआपा लसूण सोलत बसल्या होत्या. सर आत निजलेले.

“आठ महिने झाले,” आपा म्हणाल्या. “एका बाजूचं गेलं. हात, थोडा पाय, थोडी जीभ. बाकीचं राहिलं.”

“मला कुणी कळवलं नाही.”

“कुणाला कळवायचं ते मला काय ठाऊक? तुम्हा सगळ्यांचे नंबर भाईंच्या डोक्यात. आणि गेलं त्यात आकडेच गेले.”

आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं ऋजुताला वाटलं.

“आकडे गेले?”

“गेले. किती वाजले सांगता येत नाही. दोन भाकरी आणि चार भाकरी त्यांना सारख्याच. बोलणंबी आमच्या आईसारखं झालंय. पुण्याचं बोलणं पार पुसलं.” आपांनी हातातली पाकळी खाली ठेवली. “तुम्ही गणितच विचारायला आलाय काय?”

ऋजुताच्या पिशवीत चाळीस पानं गणित होतं.

“हो,” ती म्हणाली. “म्हणजे… हो.”

“मग आधी मला सांगा. सोपं करून. मग आपण दोघी मिळून त्यांना सांगू.”

ऋजुता उंबऱ्यावर टेकली. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना. एवढं सोपं करून तिने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“एक फार लांबची आकाशगंगा आहे. तिच्या मधोमध एक कृष्णविवर आहे. दहा लाख सूर्य एकत्र केले तर जेवढं वजन होईल, तेवढं एकट्याचं. एक तारा त्याच्या जवळून गेला. त्या ओढीने ताऱ्याच्या अंगावरचा थोडा वायू सुटला आणि विवरात पडला. पडताना तापला, त्याचा उजेड झाला. तो उजेड आपल्याला दिसला.”

“आणि तारा?”

“निसटला.”

“एवढं मोठं धूड, तर सगळाच का गिळला नाही?”

“अगदी जवळ गेला असता तर सगळाच फाटला असता. लांबून गेला असता तर काहीच झालं नसतं. हा मधून गेला. वरचं वरचं गेलं, गाभा राहिला. किती गेलं, किती राहिलं, हे मी संगणकावर मांडते. तेच माझं काम.”

आपांनी मान हलवली. हे त्यांना नवीन वाटलं नाही.

“मग दोन वर्षं आठ महिन्यांनी तिथेच पुन्हा उजेड पडला,” ऋजुता म्हणाली. “पहिल्याच्या दीडपट.”

“परत आला असंल.”

“नागेशही तेच म्हणतो.”

“नागेश कोण?”

“माझ्याकडे संशोधन करत होता. नागेश खोत. आता नाही.”

आपांनी पुढे विचारलं नाही. ऋजुताच घाईने बोलत राहिली.

“पण बघा ना. तोच तारा परत आला असेल, तर तो आधीपेक्षा लहान झालेला आहे. गेला तितक्याच अंतरावरून. मग आधीपेक्षा जास्त कसं जाईल त्याचं? माझ्या गणितात कमी जातं. दर वेळी कमीच जातं. म्हणून मी म्हणते, हा तारा वेगळा. दोन तारे, दोन उजेड. मी तसं भर परिषदेत बोलले आहे.”

“बरं. मग अडलंय कुठं?”

“सोमवारी दुर्बिणीच्या समितीला उत्तर द्यायचं आहे. नागेश म्हणतो तसं तोच तारा असेल, तर तो पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा येईल. येणार असं मी लिहिलं तर मोठी दुर्बीण बारा रात्री इतरांच्या कामातून काढून तिकडे वळवतील. नाही लिहिलं तर वळवणार नाहीत. मग तो आलाच, तर कुणी बघितलेलं नसेल.”

“तुम्ही तर दोन तारे म्हणताय. मग ‘नाही’ लिहून टाका.”



“लिहवत नाही,” ऋजुता म्हणाली.

आपा उठल्या. जाता जाता थांबल्या.

“एक सांगून ठेवते. भाई हल्ली सगळ्याला नाहीच म्हणतात. चहा घेणार का विचारलं तरी नाही. आणि कप पुढं केला की घेतात.”

तर असे ते दोन नकार आले होते. आता ऋजुता त्यांच्यासमोर वही धरून बसली होती आणि तिला ठरवता येत नव्हतं. दोन ‘नाही’ म्हणजे उत्तर होतं? की आजार बोलत होता?

पूर्वीही सर थोडंच बोलायचे. पण तेव्हा त्या थोड्यावर भरवसा ठेवता यायचा.

तिने पान उलटलं. उजेडाचा आलेख होता. कागदावर दोन उंचवटे, मध्ये लांबलचक सपाट जागा.

“सर, हा पहिला उजेड. हा दुसरा.”

सरांनी डाव्या हाताचा अंगठा पहिल्या उंचवट्यावरून फिरवला. मग दुसऱ्यावरून. मग हात उचलला आणि पंजा पसरून मधल्या मोकळ्या जागेवर ठेवला.

“आणि हितं?”

“तिथे काही नाही, सर.”

“हितं कसा हाय त्यो?”

“कोण?”

सर तिच्याकडे बघत राहिले. पंजा तसाच.

“तिथे उजेडच नाही,” ऋजुता समजावू लागली. “तो तेव्हा लांब गेलेला असतो. काही दिसत नाही. त्यामुळे तिथलं काही मोजत नाही.”

“…कसा हाय?” सर म्हणाले.

तिला भीती वाटली. ज्या माणसाने अकरा वेळा तिचं एकेक चिन्ह तपासलं होतं, तो माणूस रिकाम्या कागदावर हात ठेवून कुणाची तरी खुशाली विचारत होता. आपण इथे येऊन एका आजारी म्हाताऱ्याला त्रास देतो आहोत, असं तिच्या मनात आलं. वही मिटून टाकावी. आपांना नमस्कार करावा आणि चारची गाडी धरावी.

तेवढ्यात सर उठू लागले.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. वुजू करायचा, नमाजाआधी हातपाय धुवायचा हौद अंगणाच्या खालच्या अंगाला होता. ओट्यापासून पाच पायऱ्या. ऋजुता पटकन पुढे झाली, तिने त्यांचा दंड धरला आणि निघाली. त्यांची चाल तिच्या पायांना माहीत होती. संस्थेच्या आवारात त्यांच्या बरोबरीने चालताना तिची नेहमी धांदल उडायची. त्या चालीने ती पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली.

तिसरीवर सरांचा उजवा पाय पुढे आलाच नाही.

सगळं वजन तिच्यावर आलं. तिने दोन्ही हातांनी त्यांना कवटाळलं आणि दोघंही पायरीवर बसकण मारून आदळली. तिचं कोपर दगडावर घासलं. सरांच्या डोक्यावरची टोपी घरंगळत हौदाकडे गेली.

आपा आतून आल्या. ओरडल्या नाहीत. आधी भावाचं डोकं चाचपलं, मग पाय, मग त्यांना पाठीमागून धरून सावकाश उभं केलं. डाव्या बाजूने. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. हौदाच्या कडेला त्यांना बसवून, टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवून त्या परत आल्या आणि ऋजुताच्या शेजारी पायरीवर बसल्या.

“आजारातनं उठलेला माणूस आहे, पोरी,” त्या म्हणाल्या. “तू पहिल्या सरांना धरून चाललीस.”

कोपरातून रक्त येत होतं ते तिने ओढणीने दाबलं.

“पहिल्यासारखे कधी होतील?” तिने विचारलं.

“पहिल्यासारखे कशाला होतील? डॉक्टर म्हणाले, जे उरलंय ते आतल्या आत नीट बसायला वेळ लागतो. वर्ष, दोन वर्षं. वरनं बरा दिसतो माणूस, पण आत सगळं हललेलं असतंय. तोवर दुसरा झटका येऊ द्यायचा नाही.”

“आला तर?”

“पहिल्यापेक्षा जास्त घेऊन जातो.”

“जोराचा असतो का दुसरा?”

“नाही गं. तेवढाच असला तरी.” आपा हौदाकडे बघत होत्या. “झटका तेवढाच. माणूस तेवढा कुठं राहिलेला असतो?”

हौदाच्या कडेला सर डाव्या हाताने उजवा हात धूत होते. बोटं एकेक करून. निवांत.

ऋजुता पायरीवर बसून राहिली.

तिच्या चाळीस पानांमागे एक भलामोठा संगणकी हिशेब होता आणि त्यात एक ओळ होती. साधी ओळ, तिनेच लिहिलेली. पहिल्या फेरीनंतर तारा किती वजनाचा उरला ते बघायचं, तेवढ्याच वजनाचा एक नवा, शांत तारा तयार करायचा, आणि तो दुसऱ्या फेरीला पाठवायचा. बरेच जण तसंच करत. ढवळून निघालेला तारा पुढे मोजत नेणं महाकठीण असतं. शांत तारा सोपा पडतो.

त्या एका ओळीत तिने ताऱ्याला बरं करून टाकलं होतं. पापणी लवायच्या आत.

आकाशात एवढं हललेला तारा पुन्हा शांत व्हायला लाखो वर्षं लागतात. हे तिला माहीत होतं. हे तर सर पहिल्या वर्षाच्या तासाला शिकवत. याला मिळाली होती दोन वर्षं आणि आठ महिने. तो परत आला तेव्हा कसा असेल? फुगलेला. गरगर फिरणारा. अंगावरचं अंगाला घट्ट धरून नसलेला. तितक्याच अंतरावरून गेला, तरी…

तिने डोळे मिटले.

हीच ओळ नागेशने एकदा पडद्यावर बोट ठेवून दाखवली होती. “मॅडम, ही काढून बघूया का? जसा आहे तसाच पुढे नेऊया.”

ती म्हणाली होती, “चार महिने संगणक अडवून ठेवशील. आणि मिळेल काय?”

त्याने आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने सगळ्यांसमोर सांगितलं की आधी थोडा अनुभव घे आणि मग माझ्या ओळी खोड. महिन्याभराने तो दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेला. तिच्या निबंधावरून स्वतःचं नावही काढून घेतलं.

टेकावर फोन फक्त चाफ्याखाली लागायचा. ती तिथे जाऊन उभी राहिली.

“नागेश, ऋजुता बोलतेय.”



“बोला, मॅडम.”

“ती ओळ काढली तर…”

“कुठली ओळ?”

“तुला माहीत आहे कुठली.”

पलीकडे कुठेतरी पंखा फिरत होता, त्याची घरघर ऐकू येत होती.

“मी काढली आहे,” नागेश म्हणाला. “पाच महिन्यांपूर्वी. मिळेल त्या फावल्या वेळात चालवतोय. अजून पुरं झालेलं नाही.”

“काय दिसतंय?”

“तारा फुगतो. दुसऱ्या वेळी जास्त जातं.”

“दीडपट?”

“नाही. जवळजवळ दुप्पट. तेवढं का जातं ते कळत नाही. कुठेतरी चूक असेल. शोधतोय.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“माहीत नाही, मॅडम.”

“मलाही माहीत नाही,” ऋजुता म्हणाली.

हे वाक्य तिने आजवर कुठल्याही विद्यार्थ्यासमोर उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर काही पडझड झाली नाही. चाफा तसाच होता.

“तू मला सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं होतं, मॅडम.”

“…हो,” ती म्हणाली. “सांगितलं होतंस.”

तिने त्याची माफी मागितली. ती नीट मागता आली नाही. मधेच शब्द अडले आणि मधेच फोनही तुटला. पुन्हा लावला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “आकडे पाठवू का?”

“पाठव.”

ती परत ओट्यावर आली तेव्हा सरांचा नमाज झाला होता. ते होते त्याच जागी बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“सर, मधलं मी मोजलंच नव्हतं.”

सरांनी काहीच ओळख दाखवली नाही.

“म्हणजे तारा तोच आहे. पण तोच नाही. असंच ना? तुम्ही तेच म्हणत होता ना?”

सर तिच्या कोपराकडे बघत होते.

“लागलं?” त्यांनी विचारलं.

“थोडं.”

“…कसं?”

पडल्याचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

ऋजुताचा सगळा आनंद एकदम डळमळला. मग मघाचे ते दोन नकार काय होते? तो रिकाम्या कागदावरचा हात? सरांना कळलं होतं, की त्यांनी नुसता हात ठेवला होता आणि कळलं ते तिचं तिला? विचारून उपयोग नव्हता. तरी तिने विचारलं, पण वेगळंच.

“सर, सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यावर लिहिलं होतं, वाचला. म्हणजे काय?”

सरांनी बराच वेळ घेतला. कपाळावर आठी आली. ओठ हलले. शब्द येतो आहे असं वाटलं.

“चहा घेतलास?” ते म्हणाले.

ती हसली, आणि मग तिला रडू आलं. सरांनी डाव्या हाताने शाल ओढून तिच्याकडे सरकवली. डोळे पुसायला दिली, की थंडी वाजत असेल म्हणून, तेही तिला कळलं नाही.

सोमवारी तिने समितीला चार ओळी लिहिल्या. तारा तोच असण्याची शक्यता आहे. मी आधी परिषदेत जे म्हणाले ते बहुधा चूक होतं. तो आला तर किती उजेड पडेल ते सांगता येत नाही. तरी बघावं.

समितीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. “बोंद्रेबाई, याचा अर्थ हो धरायचा की नाही?”

“हो,” ऋजुता म्हणाली.

“खात्री आहे?”

“नाही.”

त्यांनी बारा रात्री दिल्या. संस्थेत कुजबुज झाली. दोन तारेवाल्या बाई एका ताऱ्यावर आल्या, असं कुणीतरी जेवणाच्या रांगेत म्हणालं आणि ते तिला ऐकू गेलं. तिने ताट घेतलं आणि नागेशच्या समोर जाऊन बसली. त्याच्या नव्या मार्गदर्शकांनी परवानगी दिली होती. दोघं दुपारभर एकाच पडद्यासमोर बसायची आणि संध्याकाळी, काही न सापडता, आपापल्या घरी जायची.

दहा रात्री काहीच दिसलं नाही. समितीतल्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला. या वेळी ते काही विचारत नव्हते, नुसते ‘बरं, बरं’ म्हणत होते.

अकराव्या रात्री उजेड आला.

तो पहिल्यापेक्षा मोठा होता आणि दुसऱ्यापेक्षा लहान. तोवर नागेशचा हिशेब पुरा झाला होता. त्याच्या हिशेबात तिसरा उजेड सगळ्यांत मोठा यायला हवा होता. ऋजुताच्या जुन्या हिशेबात तो सगळ्यांत लहान असता. आला तो दोघांच्या मध्ये कुठेतरी, दोघांनाही न जुमानता.

तारा तोच होता, यावर मात्र आता कुणाचं दुमत राहिलं नाही.

“आता?” नागेशने विचारलं.

“मला कळत नाही,” ऋजुता म्हणाली. आता तिला ते सहज म्हणता येत होतं.

नवा निबंध लिहायला घेतला तेव्हा तिने पहिलं नाव नागेशचं टाकलं. त्याने ते खोडून दुसरं केलं. तिने पुन्हा पहिलं केलं. शेवटच्या परिच्छेदात दोघांनी मिळून लिहिलं की तिसऱ्या फेरीत कमी वायू का सुटला हे आम्हाला समजलेलं नाही.

चैत्रात दोघं शिराळटेकला गेली. छापायला देण्याआधी सरांना दाखवायचं, असं ऋजुताने ठरवलं होतं. नागेशला त्याचं थोडं नवल वाटलं. सरांना आकडे कळत नाहीत हे तिनेच त्याला सांगितलं होतं.

“मग दाखवायचं कशाला?”

“बाराव्या वेळचं राहिलंय,” ती म्हणाली. नागेशला त्यातलं काही कळलं नाही.

आपांनी दोघांना ओट्यावर बसवलं. सर थोडे सुधारले होते. काठी घेऊन पायऱ्या उतरत होते, एकेक. आकड्यांतले एक आणि दोन परत आले होते. त्यांच्यापुढचे नव्हते.

“एक, दोन, आणि मग खूप,” आपा म्हणाल्या. “पण तेवढ्यावर भागतं.”

ऋजुताने आलेख सरांच्या मांडीवर ठेवला. आता त्यावर तीन उंचवटे होते. सरांनी अंगठा फिरवला.

“एक,” ते म्हणाले. “…दोन.”

तिसऱ्यावर अंगठा थांबला. त्यांनी ऋजुताकडे पाहिलं.

“तिसरी फेरी, सर. तोच तारा आहे.”



नागेशला राहवलं नाही. तो पुढे सरकला. “सर, या वेळी आणखी जास्त जायला हवं होतं त्याचं. आमचा हिशेब तसाच आहे. आम्ही सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. गेलं कमी. का गेलं कमी, ते काही लागत नाही. आणि तो चौथ्यांदा येईल तेव्हा काय होईल, तेही सांगता येत नाही.”

सर ऐकत होते. निदान मान तरी तशी होती.

अंगणात वारा सुटला. आपांनी दारातला फडफडणारा पडदा धरला.

सरांनी आलेख उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग तो हलक्या हाताने खाली ठेवला आणि त्याच्यावरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच.

“दमला असंल,” ते म्हणाले.

ऋजुता आणि नागेश थांबून राहिली.

“…बसू दे त्याला जरा.”